मळ्यातल्या शेडला वीज नेताना: एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग कसं निवडायचं

खान्देशातल्या मळ्यात शेड म्हणजे नुसता आडोसा नसतो. तिथे कडबा कुट्टी असते, गाई-म्हशी बांधलेल्या असतात, भाव वाढेल या आशेवर कापूस रचून ठेवलेला असतो, फवारणीचे पंप चार्ज होतात, कोपऱ्यात सालदाराची खाट असते. आणि एवढ्या सगळ्याला वीज बहुतेक ठिकाणी घराच्या बोर्डावरून काढलेल्या एकाच वायरवर येते. शेडमध्ये एक किटकॅट फ्यूज असतो. तो सारखा जातो म्हणून त्यात जाड तार घातलेली असते. तिथून पुढे संरक्षण नावाची गोष्टच उरत नाही.

हे बदलायचं तर दुकानात जाऊन "बत्तीसचा एमसीबी द्या" म्हणणं हा उपाय नाही. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच. तो किती अँपिअरचा, हा प्रश्न मधला आहे. त्याच्या आधी भार आणि वायर ठरते, त्याच्यानंतर आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग. एवढं मनात पक्कं धरा: एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला आणि जनावराला आरसीसीबी वाचवतो. एक बसवला म्हणून दुसऱ्याचं काम भागत नाही.

प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, कायद्यालाही तेच मान्य आहे. पण काय मागायचं आणि काय नाकारायचं, हे मालकाला कळलंच पाहिजे, कारण घाई आणि काटकसर दोन्ही त्याच्याच दारात होतात.

पहिली पायरी: भार लिहून काढा

कागद घ्या आणि शेडमध्ये आज जे चालतं व पुढच्या दोन-तीन वर्षांत जे येईल ते सगळं लिहा. वॉट किंवा एचपीपेक्षा अँपिअर महत्त्वाचे. मोटारीच्या नेमप्लेटवर ते छापलेले असतात. २ एचपीची सिंगल फेज कुट्टी साधारण १० ते १२ अँपिअर घेते, १ एचपीची पाण्याची मोटार ६ ते ७. एलईडी दिवे पाच-सहा असले तरी सगळे मिळून अर्धा अँपिअरही होत नाही. चार्जर किरकोळ. वेल्डिंग मशीन अधूनमधून आणत असाल तर ते आत्ताच लिहा, नंतर ते दिव्यांच्या प्लगवर चालवलं जातं.

मग एकाच वेळी काय चालणार ते ठरवा. कुट्टी आणि पाण्याची मोटार एकत्र चालली तर १७-१८ अँपिअर होतात. शेडचा एकूण भार हा. घराच्या जोडणीचा मंजूर भार तेवढा नसेल तर आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा.

मोटारीचा दुसरा आकडा नेमप्लेटवर ठळक दिसत नाही, पण पुढे तोच त्रास देतो. सुरू होताना मोटार चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. ११ अँपिअरची कुट्टी सुरुवातीचा क्षणभर ६० अँपिअरच्या आसपास जाते.

दुसरी पायरी: वायर, आणि आपलं ऊन

वायरीच्या पाकिटावरचे किंवा तक्त्यातले अँपिअर ठराविक तापमानाला धरलेले असतात. आंतरराष्ट्रीय तक्ते हवेचं तापमान ३० अंश धरतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या छताखाली, छताला चिकटून गेलेल्या पाइपात ५० अंश सहज होतात. पीव्हीसी वेष्टनाच्या वायरीला ७० अंशांपर्यंतच तापू द्यायचं असतं. हवाच ५० अंशांवर असेल तर वायरीला तापायला जागा उरते ती फक्त २० अंशांची. म्हणून ५० अंशांना तिची क्षमता ०.७१ पट धरतात.

पाइपातून गेलेल्या तांब्याच्या वायरीचा हिशेब त्यामुळे असा बदलतो. दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर तक्त्यात साडेसतरा अँपिअरची, पण आपल्या शेडमध्ये साधारण १२ ची. अडीचची २४ वरून १७ वर येते, चारची ३२ वरून २२-२३ वर, सहाची ४१ वरून २९ वर. एकाच पाइपात चार-पाच सर्किटं कोंबली तर आणखी कमी.

एमसीबीचा आकडा वायरीच्या या घटलेल्या क्षमतेच्या आतच हवा आणि भाराच्या वर हवा. म्हणजे आपल्याकडे दीडच्या वायरीला १० अँपिअर, अडीचला १६, चारला २०, सहाला २५. वायरमन अडीचला २० चा लावतो म्हणाला तर त्याला पत्रा दाखवा.

आता लांबी. घरापासून शेड ६० मीटरवर आहे असं धरू. अडीचच्या तांब्याच्या वायरीने १८ अँपिअर नेले तर वाटेतच १९-२० व्होल्ट जातात. गावच्या लाईनला संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी, त्यात हे. मोटार गुरगुरते, जास्त करंट ओढते, तापते. तेच अंतर सहाच्या तांब्याने नेलं तर ८ व्होल्टच्या आत काम होतं. तांबं महाग वाटत असेल तर १० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल घ्या. सहाचं तांबं आणि दहाचं अॅल्युमिनियम, दोघांचा रोध सारखाच: किलोमीटरला ३.०८ ओहम. फक्त अॅल्युमिनियमच्या टोकांना योग्य लग्ज (धातूच्या टोप्या) दाबून बसवायला सांगा, नुसतं पिळून स्क्रूखाली घातलं तर तो सांधा वर्षभरात ढिला होऊन तापतो.

ही केबल जमिनीखालून न्या. झाडांना बांधून, कडुलिंबाच्या फांद्यांतून नेलेली घरगुती वायर वाऱ्याने घासून घासून उघडी पडते. जमिनीखाली पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा, आणि शक्यतो बांधाच्या कडेने, म्हणजे नांगर आणि रोटाव्हेटर तिथे पोचणार नाही. केबल कुठून गेली त्याचा नकाशा काढून घरात ठेवा.

तिसरी पायरी: एमसीबीचा आकडा आणि अक्षर

एमसीबीवर "सी १६" असं लिहिलेलं असतं. १६ हे अँपिअर. सी हे अक्षर सांगतं की शॉर्ट झाल्यावर तो किती करंटला तत्काळ पडेल. बी प्रकार ३ ते ५ पटीत, सी ५ ते १० पटीत, डी १० ते २० पटीत. बी १६ चा एमसीबी ४८ ते ८० अँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो, म्हणून ६० अँपिअर ओढत सुरू होणारी कुट्टी त्याला वरचेवर पाडेल. तिला सी १६ हवा. दिवे आणि चार्जरच्या सर्किटला बी ६ किंवा बी १० पुरतो.

मग सगळीकडे सी, नाहीतर डीच का लावू नये? गावात बऱ्याच जणांनी तेच केलेलं असतं. सी १६ तत्काळ पडण्याची खात्री १६० अँपिअरला आहे. डीपीपासून घरापर्यंतच्या लाईनचा आणि ट्रान्सफॉर्मरचा मिळून रोध समजा ०.८ ओहम आहे. घर ते शेड ६० मीटर अडीचच्या वायरीत जाऊन-येऊन ०.८९ ओहम, शेडमधलं वायरिंग ०.१५. एकूण १.८४. २३० व्होल्टला शॉर्टमध्ये वाहणार फक्त १२५ अँपिअर. म्हणजे पूर्ण शॉर्ट होऊनही सी १६ लगेच पडेल याची हमी नाही. तो तापून पडायला काही सेकंद घेईल, आणि तेवढ्या सेकंदांत ठिणगी कापसावर पडायला वेळ मिळतो. केबल सहाच्या तांब्याची असेल तर तोच हिशेब १७४ अँपिअरवर जातो आणि सी १६ काम करतो. डी १६ ला मात्र ३२० लागतील, ते मळ्यात मिळणार नाहीत. जाड केबल व्होल्टेजसाठी घ्यायचीच, पण संरक्षण वेळेत चालावं यासाठीही ती लागते, हे फार कमी लोक लक्षात घेतात.

ओव्हरलोडला एमसीबी किती सावकाश चालतो तेही पाहा. मानकाप्रमाणे १.१३ पट करंटला तो तासभर पडायला नको, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडला पाहिजे. १६ चा एमसीबी २३ अँपिअर तासभर सहन करू शकतो. कुट्टीत ओला चारा अडकून ११ ची मोटार १५ अँपिअर ओढत राहिली तर एमसीबी हलणारही नाही आणि मोटार जळेल. मोटारीचं संरक्षण एमसीबीचं नाही, स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं आहे. कुट्टीला स्टार्टर लावा आणि रिले नेमप्लेटच्या अँपिअरवर लावून घ्या.

उन्हाचा परिणाम एमसीबीवरही होतो. तोही ३० अंशांना जुळवलेला असतो. तापलेल्या डब्यात तो छापलेल्या आकड्याच्या आधीच पडतो. उन्हाळ्यात दुपारी "विनाकारण" पडणाऱ्या एमसीबीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. अशा वेळी एक नंबर मोठा एमसीबी बसवायचा नाही. डबा उत्तरेच्या भिंतीवर, पत्र्यापासून खाली, सावलीत घ्या आणि जास्त भाराच्या दोन एमसीबींमध्ये एक जागा मोकळी सोडा.

खरेदी करताना आयएसआय खूण आणि त्यावर आयएस/आयईसी ६०८९८ हा मानक क्रमांक पाहा. शेडसाठी ६ किलोअँपिअरची तोडक्षमता, म्हणजे शॉर्टचा करंट सुखरूप तोडण्याची ताकद, भरपूर झाली. बाजारात १० ची सर्रास मिळते, तीही चालेल.

चौथी पायरी: आरसीसीबी, ज्यावर पैसे वाचवू नयेत

कुट्टीच्या मोटारीतलं वेष्टन उतरलं आणि फेज तिच्या लोखंडी अंगाला लागला असं समजा. अर्थिंग केलेलं आहे, त्याचा रोध २० ओहम. करंट किती वाहील? २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. डीपीच्या न्यूट्रल अर्थिंगचा रोध मिळवला तर त्याहूनही कमी. १६ चा एमसीबी हे साधा भार समजतो आणि चालू राहतो. कुट्टीचं अंग तासन् तास जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर राहतं. ओल्या पायांनी चारा टाकायला आलेल्या माणसाचा हात तिला लागतो. "अर्थिंग होतं, एमसीबी होता, तरी गेला" अशा घटना ऐकू येतात तेव्हा गणित बहुधा हेच असतं.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. फरक पडला म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत, किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत जातोय. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या फरकाला ०.३ सेकंदाच्या आत सर्किट तोडतो, आणि फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. झटका बसतो, पण हृदयाची लय बिघडण्याआधी वीज गेलेली असते.

शेडसाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. दुकानदार १०० किंवा ३०० चा काढेल आणि म्हणेल, "हा सारखा पडत नाही." बरोबर आहे, पडत नाही, कारण तो माणसासाठी नाहीच. ३०० मिलिअँपिअरचा उपयोग आगीपासून बचावासाठी आहे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीतून किंवा दमट सांध्यातून गळणारा करंट कापसाच्या ढिगाजवळ ठिणगी पाडण्याआधी तो तोडतो. तो घराच्या बाजूला, शेडची केबल जिथे सुरू होते तिथे बसवता येतो. मात्र तिथे थोडा उशिराने पडणारा, "एस" खुणेचा घ्या. नाहीतर शेडमध्ये बिघाड झाला की दोन्ही एकदम पडतात आणि दोष कुठे ते कळत नाही.

आरसीसीबीला ओव्हरलोड किंवा शॉर्ट कळत नाही, म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी हवाच. दोन्ही एकत्र हवे असतील तर आरसीबीओ मिळतो. कुट्टीला एक आणि दिव्यांना एक असे दोन वेगळे आरसीबीओ लावले तर कुट्टीतल्या बिघाडाने शेड अंधारात जात नाही. गोठ्यात रात्री म्हैस विणार असेल तेव्हा याचं मोल कळतं. प्रकार "ए" घ्या. एलईडीचे ड्रायव्हर, चार्जर, इन्व्हर्टर यांच्यामुळे करंटची लाट वाकडी होते आणि "एसी" प्रकार तेव्हा नीट ओळखत नाही. दुकानात अजून सगळ्यालाच ईएलसीबी म्हणतात. म्हणोत, तुम्ही खोक्यावर ३० मिलिअँपिअर आणि आयएस १२६४० वाचून घ्या.

त्याची मर्यादाही माहीत असू द्या. लाकडी फळीवर किंवा कोरड्या पोत्यावर उभं राहून कुणी एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर करंट जमिनीत जातच नाही. आरसीसीबीला तो माणूस म्हणजे एक बल्बच वाटतो.

मळ्यात सर्रास दिसणाऱ्या एका प्रकाराबद्दल स्पष्ट लिहितो. कृषिपंपाच्या थ्री फेज लाईनवरून एक फेज घ्यायचा, बल्बचं दुसरं टोक अर्थिंगच्या पाइपाला बांधायचं, उजेड पडतो. असं करू नका. तो करंट पाइपाभोवतीच्या मातीतून वाहतो, आणि ओल्या मातीत उभ्या असलेल्या गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये व्होल्टेज तयार होतं. माणसापेक्षा तिच्या पायांतलं अंतर जास्त, तिच्या अंगाचा रोध कमी, पायात चप्पल नाही. पाइपाचा सांधा सुटला तर बल्बपलीकडची सगळी वायर फेजवर येते. अशा जोडणीवर आरसीसीबी बसवला की तो लगेच पडतो, आणि मग लोक आरसीसीबीलाच नावं ठेवून काढून टाकतात. तो पडला तेव्हा त्याने त्याचं काम केलेलं असतं.

पाचवी पायरी: काळ्या मातीतलं अर्थिंग

शेडला स्वतःचं अर्थिंग द्या, घराच्या भरवशावर ठेवू नका. अर्थिंग नसतानाही आरसीसीबी पडतो हे खरं, पण तो पडतो कुणीतरी हात लावल्यावर. अर्थिंग असेल तर यंत्राच्या अंगावर फेज आला त्याच क्षणी पडतो, कुणाला झटका न देता.

४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटरचा जस्त चढवलेला पाइप उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ किंवा तयार बॅकफिल पावडर. तापीकाठच्या गाळाच्या किंवा काळ्या कसदार जमिनीत पावसाळ्यात याचा रोध सहज दहा ओहमच्या आत येतो. पण तीच काळी माती चैत्र-वैशाखात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइप व माती यांच्यातला संपर्कच सुटतो. साक्री-नवापूरकडच्या मुरमाड जमिनीत किंवा सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूच्या थरात तर बारा महिने रोध जास्त. तिथे एक पाइप पुरत नाही. दोन किंवा तीन, एकमेकांपासून पाइपाच्या लांबीइतक्या तरी अंतरावर पुरून जोडा. जागा निवडताना हौदाची, मोरीच्या पाण्याची बाजू बघा, पण जनावरं उभी राहतात तिथून दूर.

मोजमाप अर्थ टेस्टरनेच करून घ्या, फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून नाही. आणि ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास करा, माती सर्वांत कोरडी असते तेव्हा. पावसाळ्यातला चांगला आकडा उन्हाळ्याबद्दल काहीच सांगत नाही.

किती रोध चालेल? ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर २०० ओहमलाही यंत्राच्या अंगावर तो पडण्याआधी ६ व्होल्टच येतात. माणसासाठी ५० आणि जनावरांसाठी २५ व्होल्टची मर्यादा धरतात, तिच्या हे खूप आत आहे. तरीही उन्हाळ्यातसुद्धा ५० ओहमच्या आत राहील असं बघा, म्हणजे एखादा पाइप गंजला तरी हाताशी काही उरतं.

गोठ्यातल्या गव्हाणीचे लोखंडी पाइप, खांब, पाण्याची पाइपलाइन, पत्र्याचा सांगाडा हे सगळं एकमेकांना आणि अर्थिंगला जोडून घ्या. सगळं लोखंड एकाच व्होल्टेजवर राहिलं तर गव्हाणीला तोंड आणि जमिनीला पाय लावून उभ्या असलेल्या जनावराच्या अंगातून करंट जायला कारण उरत नाही.

डबा कसा भरायचा

६० मीटरवरच्या आपल्या शेडचा हिशेब पुरा करू. घराच्या बाजूला दोन पोलचा सी २५ एमसीबी आणि जमलं तर ३०० मिलिअँपिअरचा एस प्रकार. तिथून सहाच्या तांब्याची किंवा दहाच्या अॅल्युमिनियमची आर्मर्ड केबल. शेडच्या डब्यात आधी दोन पोलचा आयसोलेटर, म्हणजे शेडची सगळी वीज हाताने तोडायचा मुख्य स्विच. मग कुट्टीला सी १६, पाण्याच्या मोटारीला सी १०, दिव्यांना बी ६, प्लगना बी १६, प्रत्येकाला ३० मिलिअँपिअरचं संरक्षण. प्लगसाठी अडीचची वायर, दिव्यांना दीडची. सर्किटचे एमसीबी न्यूट्रलही तोडणारे घ्या. पूर्ण शॉर्टमध्ये घराकडचा आणि शेडमधला एमसीबी दोन्ही पडले तर घाबरू नका, अशा करंटला ते होतं.

डबा आयपी ५५ दर्जाचा (धूळ-पाणी रोखणारा), प्लास्टिकचा, केबल खालून ग्लँडमधून घेतलेली. कापसाचे तंतू आणि कुट्टीचा भुसा आत गेला तर सांध्यावरच्या साध्या उष्णतेनेही पेटतो. डब्याभोवती कडब्याची गंजी किंवा कापूस रचू देऊ नका.

लाईन उघड्या तारांची असेल तर वळवाच्या विजांसाठी टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा क्षणिक झोत जमिनीत वळवणारा) उपयोगी, पण अर्थिंग चांगलं असेल तरच. आणि गावात कधी न्यूट्रल तुटून व्होल्टेज एकदम वाढतं, त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले घ्या. दिवे आणि चार्जर वाचतात. कृषिपंपाची थ्री फेज मोटार त्याच शेडमध्ये असेल तर तिचं संरक्षण पूर्ण वेगळं ठेवा. न्यूट्रल नसताना चार पोलचा आरसीसीबी लावला तर काही बनावटींचं टेस्ट बटण चालत नाही, तेव्हा कंपनीचं रेखाचित्र पाहूनच जोडणी करून घ्या.

बसवल्यानंतर

दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. नाही पडला तर त्याच दिवशी बदला. बटण फक्त आतली यंत्रणा तपासते, अर्थिंग नाही, म्हणून वर्षातून एकदा टेस्टरने वेगळी तपासणी.

तो पडला आणि परत चढत नसेल तर सगळे एमसीबी खाली करा, मग आरसीसीबी चढवा आणि एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडेल त्या सर्किटमध्ये दोष. सगळे खाली असतानाही चढत नसेल आणि एमसीबी फक्त फेज तोडणारे असतील, तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय, किंवा वायरमनने घराचा न्यूट्रल शेडच्या न्यूट्रलला मिसळलाय. अशा वेळी आरसीसीबीला बगल देऊन थेट वायर जोडायला कुणी सुचवलं तर थांबवा. रात्र असली तरी बॅटरीवर काढा. सालदाराला आयसोलेटर कुठे आहे ते दाखवून ठेवा आणि सांगा: पडलेला आरसीसीबी एकदा चढवून बघायचा, दुसऱ्यांदा पडला तर आयसोलेटर खाली करायचा, कुट्टीला हात लावायचा नाही आणि घरी फोन करायचा.